पाटी, पडदा आणि चूक

अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासेजवळ एग्मोर येथे लष्करी लोकांच्या अनाथ मुलग्यांसाठी जो आश्रम होता, त्याची देखरेख करणाऱ्या अँड्र्यू बेल नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने एका देशी शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवीत बसलेली पाहिली, आणि हीच रीत आपल्या आश्रमातील खालच्या वर्गाला लागू करावी असा हुकूम सोडला. आश्रमातील मास्तरांनी नाखुषी दाखविली. तेव्हा बेलने त्यांच्याशी हुज्जत न घालता त्या वर्गाचे काम आठ वर्षांच्या एका मुलाच्या हवाली केले, आणि ते मास्तरांच्या कामाहून बरे चालते असे पाहून त्याने त्यातूनच एक पद्धती बांधली व १७९७ साली लंडनला ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. पुढे 'मद्रास पद्धती' या नावाने ती इंग्लंडभर पसरली, आणि एकेका मास्तराच्या हाताखाली शेकडो मुले बसविण्याची स्वस्त युक्ती म्हणून तिचा गौरव झाला. वर्गात नवे साधन येते तेव्हा काय घडते, याचा सगळा नमुना मला या एका हकिगतीत दिसतो. साधन साधे असते, त्याचा गुण खरा असतो, मास्तर कुरकुरतो, वरिष्ठ त्याला वळसा घालून पुढे जातो, आणि अखेर साधनाचा मूळ गुण बाजूस राहून त्यातील काटकसर तेवढी जगभर जाते.

वाळूचा मूळ गुण कोणता होता? आपल्याकडे पंतोजींच्या शाळेतही धूळपाटी होतीच. फळीवर बारीक धूळ पसरावयाची, काडीने तिच्यात अक्षर काढावयाचे, आणि चुकले की फळी हलवून पुन्हा कोरी करावयाची. कागद दुर्मीळ आणि शाई जपून वापरावयाची अशा काळात ती गरिबीची सोय होती हे उघड आहे. परंतु तिचा शैक्षणिक गुण गरिबीवर अवलंबून नव्हता. धुळीत काढलेले वेडेवाकडे अक्षर दुसऱ्याच क्षणी नाहीसे होते, त्याची नोंद कोणत्याही दप्तरात राहत नाही, आणि ते पुन्हा काढून पाहण्यास काही खर्च येत नाही; म्हणजेच मुलाला हजार वेळा चुकण्याची मुभा त्या फळीने दिली होती. पंतोजींच्या छडीने ती मुभा बहुधा लगेच काढून घेतली, हा भाग निराळा. मला म्हणावयाचे आहे ते इतकेच की, वर्गात येणाऱ्या कोणत्याही साधनाची परीक्षा त्याच्या झगमगाटावरून, किमतीवरून किंवा मुले त्याच्यापुढे किती वेळ गप्प बसतात यावरून न करता, ते साधन मुलाच्या चुकीचे काय करते, या एकाच गोष्टीवरून करावी. आणि ती तशी केली असता आज जो वाद 'यंत्र हवे की नको' अशा दोन टोकांत अडकून पडला आहे, त्यातील बराचसा भाग आपोआप निकालात निघतो.

आपल्या राज्यात हा विषय केवळ पुस्तकी राहिलेला नाही. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू झाला, आणि त्याच सुमारास ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील पाष्टेपाडा येथे संदीप गुंड या जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने उभ्या केलेल्या डिजिटल शाळेची कीर्ती जिल्ह्याजिल्ह्यांत पोचली. गावोगावी लोकवर्गण्या झाल्या; कोणी पीक विकून, कोणी गावाच्या जत्रेचा खर्च आवरून, कोणी मुंबई-पुण्याला नोकरीस असलेल्या गावकऱ्यांना गळ घालून प्रोजेक्टर, टॅब व मोठे पडदे शाळेत आणले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याच्या कामाबद्दल २०२० साली १० लाख डॉलरचा 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाला, तेव्हा तर खेड्यातील मराठी शाळेचा मास्तर क्षणभर साऱ्या जगाच्या नजरेत आला. या उत्साहाची थट्टा करणाऱ्यांपैकी मी नव्हे. ज्या शाळांच्या गळक्या कौलांकडे वर्षानुवर्षे कोणी ढुंकून पाहिले नाही, त्या शाळा आपल्या आहेत असे गावाला वाटू लागणे हा लहानसहान लाभ नाही. फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पाष्टेपाड्याला काय किंवा परितेवाडीला काय, यंत्र येण्यापूर्वी तेथे मास्तर आलेला होता. नंतरच्या अनेक शाळांत मात्र यंत्राची वर्दी आधी लागली आणि मास्तराची जागा पुढच्या बदल्यांपर्यंत रिकामीच राहिली.

खात्याच्या नोकरीत शाळा तपासण्यात माझी पुष्कळ वर्षे गेली. त्यांपैकी एका शाळेतील प्रसंग येथे सांगतो. तिसरीच्या वर्गात मोठ्या पडद्यावर हातच्याच्या वजाबाकीचा पाठ चालला होता. रंगीत अंक उड्या मारीत येत, दशकाच्या घरातला एक दहा सुटा होऊन एककाच्या घरात जाऊन बसे, उत्तर आले की टाळ्यांचा आवाज होई, आणि मुलेही त्या टाळ्यांत आपल्या टाळ्या मिसळीत. मुख्याध्यापक अभिमानाने म्हणाले, "साहेब, मुलं कशी रमतात पाहा." मुले खरोखरच रमली होती. तास संपल्यावर मी एका मुलाला पाटीवर ५२ मधून २७ वजा करावयास सांगितले. त्याने क्षणाचाही विलंब न लावता ३५ असे उत्तर लिहिले. कसे काढले, असे विचारता तो म्हणाला, "दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले." हे उत्तर चूक आहे, पण ते आंधळे नाही. त्यामागे एक नियम आहे. मोठ्यातून लहान वजा होते हा खरा नियम त्या मुलाने चुकीच्या ठिकाणी, पण पूर्ण निष्ठेने लावला होता. पडद्यावरची वजाबाकी चाळीस मुलांच्या वतीने दहा वेळा बरोबर आली होती आणि दहाही वेळा टाळ्या वाजल्या होत्या; या मुलाची वजाबाकी पडद्याने एकदाही विचारली नव्हती. तो रमला होता, एवढेच.

'रमणे' आणि 'शिकणे' यांतील हे अंतर आपल्या अहवालांतून सहसा दिसत नाही. पटसंख्या वाढली, हजेरी सुधारली, इंग्रजी माध्यमाकडे गेलेली काही मुले परत आली, असे दाखले आपण देतो, आणि ते खोटे नसतात. पण आकर्षण आणि जिज्ञासा या दोन निरनिराळ्या वृत्ती आहेत. आकर्षणाला नावीन्य लागते, आणि नावीन्याची मुदत थोडी असते. पहिल्या वर्षी पडदा उघडताच होणारा गलबला तिसऱ्या वर्षी जांभईत विरतो, कारण तोवर तसाच पडदा घरच्या फोनमध्ये, आणि तोही अधिक चटकदार, मुलाच्या हाती आलेला असतो. जिज्ञासेचा उगम मात्र अपुऱ्या राहिलेल्या प्रश्नात असतो. ज्या पाठात प्रत्येक प्रश्नाचे उत्तर प्रश्नाच्या पाठोपाठ संगीतासह हजर होते, त्यात अपुरे असे काही उरतच नाही.

यंत्राकडून अशी अपेक्षा करण्याची सवय आजची नाही. एडिसनने १९१३ सालीच भाकीत केले होते की, चलच्चित्रांमुळे शाळांतून पुस्तके लवकरच हद्दपार होतील आणि दहा वर्षांत शिक्षणाचे रूप साफ पालटेल. पुढे आकाशवाणी आली, मग दूरचित्रवाणी आली. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्ष आपल्या देशाने अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोचविण्याचा जो प्रचंड प्रयोग केला, त्यात सकाळची वेळ शाळेच्या मुलांसाठी राखून ठेवली होती. विक्रम साराभाईंचे ते स्वप्न होते आणि ते पाहण्यास ते स्वतः उरले नव्हते. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. पण १९८४ साली पुण्यात 'बालचित्रवाणी' निघाली, आणि एका पिढीला तिच्या नुसत्या नावाने अजूनही दुपारची आठवण येते. २०१७ साली ती बंद झाली. लॅरी क्युबन या अमेरिकन शिक्षण-इतिहासकाराने १९८६ साली 'टीचर्स अँड मशीन्स' या ग्रंथात अशा सर्व लाटांचा आढावा घेतला असून, आधी गाजावाजा, मग संशोधनाचा पाठिंबा, मग निराशा आणि शेवटी मास्तरावर ठपका, असा एक ठरलेला क्रम त्याने दाखविला आहे. क्युबनने आणखी एक गोष्ट सांगितली, तिच्याकडे मात्र कमी लक्ष जाते : मास्तर यंत्राचे शत्रू नसतात, खडू, फळा, पाठ्यपुस्तक ही त्यांनी केव्हाच आपलीशी केलेली यंत्रे आहेत, कारण ती तासाच्या मध्येच बिघडत नाहीत आणि ती वापरताना वर्गाकडे पाठ फिरवून बसावे लागत नाही.

तथापि 'यंत्र निरुपयोगी' असा निकाल देऊन मोकळे होणे हाही आळसच आहे, कारण पुरावा तसे सांगत नाही. या शतकाच्या आरंभी गुजरात सरकारने वडोदरा महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले होते, आणि बहुतेक ठिकाणी ते वापराविना पडून होते. मुंबईत जन्मलेल्या 'प्रथम' या संस्थेने त्यांवर चौथीच्या मुलांसाठी गणिताचे खेळ बसविले. आठवड्याला दोन तास, एका संगणकापुढे दोन मुले, अशी ती तजवीज होती. अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली या प्रयोगाची पाहणी २००७ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात मुलांच्या गणितात ठळक सुधारणा आढळली, आणि ती हुशार व कच्च्या अशा दोन्ही मुलांत आढळली. वर्षभरानंतर मोजले तेव्हा तिच्यातील बराचसा भाग ओसरलेला होता, हेही त्याच पाहणीत नमूद आहे. परंतु त्या पाहणीचा मला अधिक मोलाचा वाटणारा भाग निराळाच आहे. त्याच वेळी मुंबई आणि वडोदरा येथे 'बालसखी' नावाचा दुसरा उपक्रम चालू होता : वस्तीतील, शालान्त शिक्षण झालेली एखादी तरुण मुलगी रोज दोन तास मागे पडलेली मुले वर्गाबाहेर घेऊन बसे आणि त्यांना जे तिसरीपर्यंत यावयास हवे होते तेच पुन्हा शिकवी. तिच्या हाती यंत्र नव्हते, अध्यापनाची पदवी नव्हती. पण तिच्याकडची मुलेही पुढे गेली. खर्चाचा हिशेब पाहिला तर बालसखीला दर मुलामागे वर्षाला सुमारे २.२५ डॉलर लागले आणि संगणकाला सुमारे १५ डॉलर. संगणकाने दिलेला लाभ संख्येने मोठा होता, पण रुपयागणिक पाहता बालसखी सरस ठरली.

या दोन्ही उपक्रमांत समान काय होते? दोघांनीही मुलाला इयत्तेच्या पाठ्यपुस्तकाच्या तावडीतून सोडवून, तो प्रत्यक्षात जेथे अडला होता तेथे नेऊन बसविले. आमच्या शाळांत 'पोर्शन पुरा करणे' ही जी एक अटळ शिस्त आहे, तिच्यापायी मास्तर पुढे पुढे जात राहतो आणि मुलगा मागे मागे पडत राहतो. दिल्लीत 'माइंडस्पार्क' या सॉफ्टवेअरचा जो अभ्यास कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंह आणि अलेहांद्रो गनिमियन यांनी २०१९ साली प्रसिद्ध केला, त्यातील मुले सहावीत सरासरीने अडीच इयत्ता आणि नववीत साडेचार इयत्ता मागे असल्याचे आढळले होते. नववीतल्या मुलापुढे नववीचे बीजगणित मांडले जात होते आणि त्याला अडचण पाचवीच्या अपूर्णांकांची होती! सोडतीने निवडलेली ही मुले शाळा सुटल्यावर केंद्रात येत. पंचेचाळीस मिनिटे यंत्रापुढे बसत आणि पंचेचाळीस मिनिटे साहाय्यकाच्या लहान गटात. साडेचार महिन्यांत त्यांच्या गणितात आणि हिंदीत चांगलीच भर पडली. यंत्राने काय केले, तर प्रत्येक मुलाच्या चुकांचा मागोवा घेत त्याची नेमकी पायरी शोधली आणि पुढचा प्रश्न तेथूनच घातला. ५२ मधून २७ वजा करून ३५ लिहिणाऱ्या मुलाची चूक ही लाखो मुलांची चूक आहे, ती एका विशिष्ट गैरसमजातून येते, आणि असे गैरसमज आगाऊ जाणून असणारे यंत्र त्या मुलाला योग्य तो दुसरा प्रश्न घालू शकते, हे मी नाकारीत नाही. उलट साठ मुलांच्या वर्गात उभ्या असलेल्या मास्तराला जे देहाने अशक्य आहे, ते यंत्राने केले असे मी म्हणेन. गंमत अशी की, याच मुलांच्या शाळेतल्या गणिताच्या परीक्षेत मात्र लक्षणीय फरक पडला नाही. तेही साहजिक होते. शाळेची परीक्षा नववीचे विचारीत होती, आणि मुलगा पाचवीहून सातवीला येऊन पोचला होता. त्याची ही मजल मोजण्याची सोय शाळेच्या गुणपत्रिकेत नव्हती.

याच्या उलट बाजूचा दाखलाही गुजरातेतलाच आहे. 'ज्ञानशाला' या संस्थेच्या वर्गांत ली लिंडन या अर्थशास्त्रज्ञाने असाच प्रयोग दोन प्रकारांनी करून पाहिला. जेथे संगणकाचा तास शाळेच्या वेळेबाहेर, शिकवण्याला जोड म्हणून ठेवला होता तेथे लाभ झाला. जेथे तोच तास चांगल्या चाललेल्या शिकवण्याच्या ऐवजी घातला तेथे मुले मागे पडली. संस्था तीच आणि यंत्रे तीच. फरक होता तो यंत्राने कोणाची जागा घेतली याचा. रिकाम्या जागेवर येणारे यंत्र आणि भरलेल्या जागेवर येणारे यंत्र यांची किंमत एकच मानणाऱ्या खरेदीच्या नस्तीवर म्हणूनच माझा विश्वास नाही.

आणि कोणाचीच जागा न घेता, कोणाच्याही प्रश्नाशी संबंध न ठेवता, नुसते यंत्र वाटले तर? 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' ही निकोलस नेग्रोपॉन्टे यांची घोषणा या शतकाच्या पहिल्या दशकात जगभर दुमदुमली. आपल्या केंद्र सरकारने २००६ साली ती नाकारली, तरी रायगड जिल्ह्यातील खैराट धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत २००७ साली ते हिरवे-पांढरे लॅपटॉप आले होते, आणि काही दिवस त्या वाडीची छायाचित्रे परदेशांतही फिरली. पेरू देशाने मात्र ही योजना प्रचंड प्रमाणावर राबविली. तेथील ३१९ ग्रामीण शाळांची जी पाहणी २०१२ साली बाहेर आली, तिच्यात मुलांच्या हाती संगणक अधिक वेळ राहू लागला आणि सर्वसाधारण आकलनाच्या काही चाचण्यांत थोडा लाभ दिसला, पण गणितात आणि भाषेत काडीचाही फरक आढळला नाही. चुकले तर चूक दाखविणारे आणि अडले तर वाट दाखविणारे त्या यंत्रात काही नव्हते.

आता प्रेरणेच्या प्रश्नाकडे वळतो, कारण यंत्राच्या पुरस्कर्त्यांचा खरा भरवसा त्यावरच असतो. गुण, तारे, पदके, पायऱ्या, आघाडीवरच्या मुलांची यादी : आजचे बहुतेक शैक्षणिक खेळ या सामग्रीवर चालतात. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालमंदिरात एक साधा प्रयोग केला. ज्या मुलांना रंगीत पेनांनी चित्रे काढण्याची मुळातच आवड होती, त्यांतील काहींना चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र देऊ असे आधी सांगून ते दिले, काहींना न सांगता अचानक दिले, आणि काहींना काहीच दिले नाही. पुढे एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळेत पाहिले तर ज्यांना आधी आमिष दाखविले होते ती मुले त्या पेनांकडे इतरांच्या जेमतेम निम्मा वेळ वळत होती. आवडीच्या गोष्टीला मोबदला ठरविला की ती गोष्ट मजुरी होते. तारा ही छडीची सख्खी बहीण आहे, असे मी म्हटले तर ते कोणाला अतिशयोक्तीचे वाटेल. पण दोघींचे काम एकच, मुलाचे लक्ष वजाबाकीवरून उठवून वजाबाकीच्या परिणामावर नेणे. छडीच्या भीतीने पाढे पाठ करणारा मुलगा आणि ताऱ्याच्या लोभाने पडद्यावर बोटे आपटणारा मुलगा, दोघेही उत्तराचा अंदाज बांधतात. पर्याय चार असतील तर चौथ्या बोटाला तारा मिळतोच.

मग यंत्राजवळ प्रेरणा देण्यासारखे काहीच नाही काय? आहे, आणि ते ताऱ्यांहून फार मोठे आहे. पण ते कोणी विकत नाही म्हणून त्याची जाहिरातही होत नाही. यंत्राला तुच्छता येत नाही. आपल्या वर्गात चुकलेल्या मुलाचे काय होते ते आठवा. बाकावर उभा राहा, अंगठे धर, 'एवढंसुद्धा येत नाही?' आणि त्या वाक्यानंतर वर्गभर पसरणारे ते हसू. चाळीस जणांपुढे एकदा हसे झालेला मुलगा पुन्हा बोट वर करीत नाही. त्याला उत्तर येत नाही म्हणून नव्हे, तर चुकणे परवडत नाही म्हणून. विशेषतः ज्यांच्या घराण्यात शाळेची पायरी पहिल्यांदाच चढली गेली, त्या मुलांच्या मौनाचा अर्थ आमच्या तपासणीच्या शेऱ्यांत 'मंद' या एका शब्दाने कितीदा उरकला गेला असेल, याचा विचार केला म्हणजे आजही माझ्याच जुन्या शेऱ्यांची मला लाज वाटते. यंत्रापुढे तो मुलगा एकटा असतो. तो सात वेळा चुकला हे शेजाऱ्याला कळत नाही, यंत्र सुस्कारा टाकीत नाही, त्याची जात विचारीत नाही आणि त्याच्या थोरल्या भावाची हुशारी त्याला ऐकवीत नाही. धूळपाटीने दिलेली आणि छडीने हिरावलेली मुभा येथे परत मिळते.

मात्र ती मिळते तो पडदा कोणत्या घडणीचा, यावर सारे अवलंबून आहे. मारिया माँटेसोरी यांच्या साहित्यात भोके पाडलेला एक लाकडी ठोकळा असतो आणि त्यात बसणारे निरनिराळ्या जाडीचे दंडगोल असतात. एखादा चुकीच्या भोकात बसविला की शेवटी एक दंडगोल उरतो आणि त्याला जागा नसते. कोणी रागावत नाही, कोणी शाबासकी देत नाही. ठोकळाच सांगतो, आणि मूल पुन्हा आरंभ करते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला व १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर हेच तत्त्व शिंपले, बिया, पाने, खडे यांत उतरविले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच कुरणात नेली. अगदी अलीकडे सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये प्रतिभा भराडे यांच्या प्रेरणेने शिक्षकांनी वर्गाच्या फरशीवर तक्ते रंगविले, काड्यांचे गठ्ठे केले, आणि राज्यभरातून शिक्षक ते पाहावयास गेले. माझ्या त्या ५२ वजा २७ च्या मुलाच्या हातात दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या दिल्या असत्या, तर सात काड्या काढून देताना त्याला एक गठ्ठा सोडावाच लागला असता. 'सातातून दोन' काढण्याची वाट काड्यांनी त्याला दिलीच नसती. रबराने बांधलेला तो गठ्ठा आणि दिल्लीचे ते सॉफ्टवेअर या दोहोंना मी एका कुळातले समजतो. आणि टाळ्या वाजविणारा पडदा, मग त्याची किंमत लाखाची असो, दुसऱ्या कुळातला.

एक भय मात्र धूळपाटीला नव्हते आणि नव्या पाटीला आहे. धूळ विसरते, यंत्र विसरत नाही. मुलाची प्रत्येक चूक, ती करण्यास लागलेला वेळ, कितव्या प्रयत्नाला तो सुटला, हे सारे कोठेतरी साठत जाते, आणि आज जी नोंद त्याला मदत करण्यासाठी ठेवली, तीच उद्या त्याची प्रतवारी लावण्यासाठी कोणी मागणार नाही याची हमी देणारा कायदा अजून आपल्या अनुभवास आलेला नाही. मुलाला एकांतात चुकू द्यावयाचे आणि त्या एकांताची नक्कल मात्र दप्तरी ठेवावयाची, हा व्यवहार मला सरळ वाटत नाही.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा पडद्याची कसोटी पाहण्याची संधी आपण न मागता आली. 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीप्रमाणे ग्रामीण भारतातील शाळकरी मुलांच्या घरांपैकी २०१८ साली सुमारे ३६ टक्के घरांत स्मार्टफोन होता, तो २०२० साली जवळजवळ ६२ टक्के घरांत पोचला. पण घरात फोन असणे म्हणजे मुलाच्या हाती असणे नव्हे, हे तेव्हा प्रत्येक मास्तराला कळले, कारण तो फोन सकाळी बापाच्या खिशातून कामावर जाई. पुढे तो मुलांच्या हातीही आला. २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी सुमारे ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात फोनवर अभ्यासाचे काही केले होते आणि सुमारे ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमे पाहिली होती. या आकड्यांवरून मुलांना दूषण देण्यात अर्थ नाही. त्यांच्या आईबापांची पाहणी केली असती तर पहिला आकडा किती भरला असता, याचा ज्याने त्याने अंदाज करावा. तिकडे स्वीडनने २०२३ पासून शाळांत छापील पुस्तके परत आणण्यासाठी पैसा घातला, हे वृत्त आपल्याकडे काहींनी विजयघोषासारखे वाचले. ज्यांच्या शाळांत पुस्तकांची कपाटे होती आणि ती बाजूस सारली गेली, त्यांनी ती परत आणावी हे ठीकच आहे, पण ज्या शाळेत पुस्तकाचे कपाट कुलूपबंदच राहत आले, तिने परत कोठे जावयाचे?

त्या तिसरीच्या वर्गातून बाहेर पडल्यावर मुख्याध्यापकांनी मला कार्यालयात नेले आणि डिजिटल शाळेचा तक्ता पुढे ठेवला. पडद्यांची संख्या, टॅबची संख्या, कंपनीचे नाव, लोकवर्गणीची रक्कम, वीजजोडणी आहे की तोडली आहे, असे रकाने त्यात होते, आणि सगळे नीट भरले होते. वीजबिल थकले म्हणून मागच्या पावसाळ्यात दोन महिने पडदा बंद होता, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले होते. मी म्हटले, "गुरुजी, यात आणखी एक रकाना हवा. कोणते मूल काल कोठे चुकले आणि ते का चुकले, एवढाच." ते हसले. टेबलावर त्यांचा फोन सारखा किणकिणत होता; पोषण आहाराची आकडेवारी दुपारपूर्वी चढवावयाची होती, आणि कुठल्याशा दिनाची छायाचित्रे तालुक्याला पाठविणे बाकी होते. "नको साहेब," ते म्हणाले, "रकाना वाढवू नका. तुम्ही वाढवाल, आणि आम्ही त्यात 'निरंक' लिहून मोकळे होऊ."